ग्रामपंचायतीच्या कामाबद्दल माहिती अधिकाराचा अर्ज टाकायच्या आधी एवढं कर भावा
पहिल्याच अर्जात 'पाच वर्षांचा सगळा हिशोब द्या' असलं काय लिहू नको, आपल्या महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आन १५० शब्दांच्या आत लागतो. एकच काम धर, समज गटार. ई-ग्रामस्वराज म्हणजे ग्रामपंचायतीच्या हिशोबाच्या सरकारी वेबसाइटवर खर्च बघ, मग १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहित्यात ती वही) आन बिलं माग, आन टेप घेऊन स्वतः मोज! जतकडच्या एका गावात आम्ही मोजलं तर पुस्तिकेत १२० मीटर, जाग्यावर ८५, कामाचा म्हणून लावलेला फोटो तर दुसऱ्याच गल्लीतला. सरपंचाशी भांडत बसू नको, मोजमापाखाली सही इंजिनिअरची असती, ती आधी बघ. ३० दिवसांत उत्तर नाय आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आन लगेच व्हॉट्सॲपवर चोर चोर ओरडू नको, कधीकधी नुसता आकडा चुकल्याला असतो, मी एकदा तसाच तोंडावर पडलोय.