सुभेदारकाकांना विचारा : पत्रावर चाललेली फौज

प्रश्न : सुभेदारकाका, नमस्कार. मी एम.ए.ला इतिहास घेतला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या अमेरिकेचं सैन्य वाचताना अडलो. युद्धमंत्री राजधानीत आणि फौज शेकडो मैल दूर, जंगलातल्या किल्ल्यात. तार नाही, फोन नाही. नुसत्या पत्रांवर सैन्य चालत कसं होतं? तुमची सारी नोकरी फौजेत क्लार्कीत गेली, म्हणून तुम्हालाच विचारतो.
— एक विद्यार्थी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : बेटा, बाहेरच्याला वाटते फौज हुकमावर चालते. कंपनी ऑफिसात बसलेल्याला माहीत असते की ती हजेरीपटावर चालते. किती हजर, किती आजारी, किती पळाले, राशन किती दिवसांचं उरलं, हे खालून कळलं नाही तर वरचा साहेब हुकूम देईल तरी कोणाच्या भरवशावर?

सुरुवात कुठून झाली बघ. इंग्रज गेला, पण काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, धास्ती, की उभी फौज ठेवली तर उद्या आपल्याच उरावर बसेल. जून 1784 मध्ये ठराव केला : फोर्ट पिट किल्ल्यावर 25 आणि वेस्ट पॉइंटच्या ठाण्यावर 55 शिपाई ठेवा, सामानाची राखण करायला. कॅप्टनच्या वरचा अधिकारी नको. बाकीच्यांनी घरी जावं. ऐंशी माणसं! बाप्पा, आमच्या गावच्या पोळ्याला याहून जास्त बैलजोड्या येतात. दुसऱ्याच दिवशी डोकं ठिकाणावर आलं आणि चार राज्यांकडून वर्षभरासाठी 700 माणसं मागितली.

1785 पासून 1794 संपेपर्यंत युद्धमंत्री म्हणून हा कारभार हेन्री नॉक्सकडे होता. मूळचा बोस्टनचा पुस्तकविक्रेता. तोफखान्याची विद्या दुकानातली पुस्तकं वाचून शिकलेला. हाताखाली मोजके कारकून. तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया, तिथून पत्र निघालं की आधी घोड्यावर पिट्सबर्ग, मग होडीनं ओहायो नदी उतरत आज जिथं सिनसिनाटी आहे तिथल्या किल्ल्यावर. यात कैक आठवडे जात, आणि उत्तर यायचं प्रवाहाच्या उलट. अशा वेळी हुकूम लिहिणं सोपं नसते. असं घडलं तर हे करा, तसं घडलं तर ते, उरलेलं तुम्ही जागेवर पाहून ठरवा. आता तो 'जागेवर पाहून' किती आणि कसं, यावरच पुढं खरी भांडणं होतात.

शिपायाचा हिशेब मात्र चोख लिहिलेला. 1790 च्या कायद्यात महिना 3 डॉलर, त्यातूनही कपडे आणि दवापाण्यापोटी 1 डॉलर कापायचा. रोज एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, एक पौंड पाव किंवा पीठ, आणि घोटभर दारू. दर शंभर राशनमागे मीठ, शिरका, साबण, मेणबत्त्या वेगळ्या. साबण-मेणबत्तीची आठवण ठेवणारा माणूस क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे सामान पुरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खोलीत बसलेला असणार, हे मी पैजेवर सांगतो.

पण कागदावर लिहिलेलं पोटात पडतेच असं नाही. 1791 ची जनरल सेंट क्लेअरची मोहीम काढून वाच. राशनचा ठेकेदार विल्यम ड्युअर, क्वार्टरमास्टर सॅम्युअल हॉजडन. हॉजडन कितीतरी दिवस पिट्सबर्गलाच अडकून राहिला. घोड्यांवर सामान लादायची खोगिरं फिलाडेल्फियात बनवून घेतली, तेवढ्या लांब वाहून नेली, आणि तिथं पाहतात तर घोड्यांना मोठी! ज्यानं ऑर्डर दिली त्यानं घोडा पाहिला नाही, ज्यानं घोडा घेतला त्यानं खोगीर पाहिलं नाही. मला हे वाचून हसू आलं नाही, कारण एका युनिटमध्ये सहा नंबरच्या पायांसाठी दहा नंबरचे बूट आलेले मी स्वतः मोजून घेतले आहेत. पावतीवर सही करावी लागते, बूट कोणाला होवोत न होवोत.

4 नोव्हेंबर 1791 ला पहाटे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी मायामी जमातीचा सरदार लिटल टर्टल आणि शॉनी जमातीचा ब्लू जॅकेट यांनी ही फौज घेरली. त्यांच्याच मुलखात ती घुसली होती. सहाशेच्या वर मेले. फिलाडेल्फियाला ही बातमी पोचेपर्यंत डिसेंबर उजाडला. मग काँग्रेसनं चौकशी समिती नेमली आणि युद्धखात्याचे कागद मागवले. द्यावेत की नाही, यावर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टननं मंत्र्यांना बसवून विचार केला आणि दिले. समितीनं सेंट क्लेअरला दोष दिला नाही. ठेकेदार, क्वार्टरमास्टर आणि सगळ्या तयारीतला उशीर यांच्यावर ठपका आला. आवक-जावकच्या तारखा नीट असल्या की हे असं करता येते.

पुढं जनरल वेननं फौज नव्यानं घडवली आणि ऑगस्ट 1794 मध्ये फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली. त्याच्या हाताखालचा विल्किन्सन मात्र वेनच्या मागं थेट नॉक्सला तक्रारी लिहायचा. आमच्यात याला चॅनेल तोडणं म्हणतात, आणि चॅनेल तोडणाऱ्याकडं क्लार्क जरा तिरकं पाहतो. इथं ते बरोबरच ठरलं असतं : हा गडी स्पेनकडून पैसे खात होता.

आता तुला अभ्यासाला उपयोगी पडेल ते. राजधानी नुकतीच वॉशिंग्टन शहरात गेली होती, तेव्हा 8 नोव्हेंबर 1800 ला युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि दप्तर जळालं. पण जावक पत्र किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याकडं, ठेकेदाराकडं, गव्हर्नरकडं पोचलेलं होतं. आवक पत्राची नक्कल पाठवणाऱ्यानं आपल्या वहीत उतरवलेली होती. अभ्यासकांनी दोनशेहून जास्त संग्रहांतून ते तुकडे पुन्हा गोळा केले, तेव्हा कुठं ते दप्तर परत उभं राहिलं. म्हणून तू मंत्र्याचीच पत्रं वाचत बसू नको. ठेकेदाराची बिलं आणि हजेरीपट वाच.

प्रश्न : वडील फौजेतून निवृत्त होते, मागच्या वर्षी वारले. पीपीओवर (पेन्शनच्या हुकमाच्या कागदावर) आईचं एक नाव, आधारवर दुसरं. बँकवाले कुटुंब पेन्शन सुरू करत नाहीत. काय करू?
— एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : बँकेत भांडू नको, हे त्यांच्या हातचं नाही. नाव दुरुस्त होते वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातून. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आईला घेऊन जा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, मृत्यूचा दाखला, आधार आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेव. अर्ज त्यांच्यामार्फतच जाऊ दे. मूळ कागद कोणालाच देऊ नको, झेरॉक्स दे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे, शिक्का आणि तारीख दोन्ही दिसले पाहिजेत. आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत वडिलांचा आर्मी नंबर, रँक, रेजिमेंट लिही. नुसत्या नावावर रेकॉर्डवाले शोधत बसत नाहीत, त्या नावाचे त्यांच्याकडं पन्नास असतात.