तुरीचं कोणतं वाण घ्यावं? मर रोगावर वाचकाचा प्रश्न

प्रश्न: सर नमस्कार, अंबड तालुक्यात मध्यम, कोरडवाहू जमीन हाय. गेल्या साली ऐन फुलात तूर जागेवरच वाळली. यंदा बीडीएन ७११ लावू का बीएसएमआर ७३६?

उत्तर: दादा, आधी वाळलेल्या झाडाचं खोड उभं चिरून बघायचं असतं, आत काळ्या-तपकिरी रेषा दिसल्या की तो मर रोग, आणि ती बुरशी जमिनीत कित्येक वर्षं राहते, म्हणून नुसतं वाण बदलून भागत नाही. त्या तुकड्यात तूर घेऊच नका, ज्वारी घ्या.

आता दुसऱ्या तुकड्यासाठी वाणाचं. ७३६ लाल दाण्याचं, मर आणि वांझ (झाडाला फुलं-शेंगाच न धरणारा रोग) दोन्हीला चांगलं टिकतं, पण येतं सहा महिन्यांनी, आणि परतीचा पाऊस दगा देऊन गेला की कोरडवाहूत शेंगा भरायच्या टायमालाच ओल संपते. ७११ पांढरं, दीडशे-एकशे साठ दिवसांत मोकळं होतं, त्यामुळं तुमच्यासाठी मी तेच म्हणेन. पाण्याची एखादी पाळी देता येत असली तर बीडीएन ७१६ बघा, लाल आहे, दोन्ही रोगांना तग धरतं. ही सगळी वाणं आपल्या मराठवाड्यातच तयार झालीत, बियाणं बदनापूरच्या संशोधन केंद्रात विचारा, लेबल बघूनच घ्या.

आणि उतारा, म्हणजे उत्पादन, ताडायचा असंल तर दोन वाणं एकाच वावरात, एकाच दिवशी, सारख्या अंतरावर पेरा, बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा आणि वाळलेली झाडं मोजत राहा. शेजाऱ्याच्या काळ्या रानातला उतारा बघून तुमच्या मध्यम रानाचं वाण ठरवू नका.