वाचकांचे प्रश्न : मिक्सरमधून घेतलेला अल्बम पोकळ का वाजतो?

प्रश्न : साने गुरुजींवर आम्ही रॉक संगीतिका बसवली. प्रयोगाचं रेकॉर्डिंग थेट साउंड मिक्सरमधून (सगळे माइक जिथे जोडतात त्या यंत्रातून) घेतलं. सभागृहात ड्रम्स दणाणत होते, रेकॉर्डिंगमध्ये मात्र नुसते गायक. नंतर गिटार वाढवून पाहिली तर अहिराणी ओळी बुडाल्या. दुरुस्ती होईल का? (अमळनेर)

उत्तर : नाही, गाणी पुन्हा रेकॉर्ड करावी लागतील. छोट्या सभागृहात ड्रम्स आणि गिटारचे अँप्लिफायर मुळातच इतके मोठे वाजतात, की साउंडवाला मिक्सरवर ते जवळजवळ बंद ठेवून फक्त गायकांना वर आणतो. प्रेक्षकांच्या कानावर दोन्ही पडतं. रेकॉर्डरला मिक्सरमधलं तेवढंच मिळतं. त्यात कोणाची चूक नाही.

आता आधी क्लिक ट्रॅक, म्हणजे लय धरायला कानात वाजणारी टिकटिक, लावा, त्यावर कच्चं गाणं म्हणून घ्या. मग ड्रम्स आणि बास, नंतर गिटार, मुख्य गायक आणि शेवटी कोरस. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. गाण्यातल्या सर्वांत मोठ्या जागीसुद्धा पातळी उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला लागली की आवाज फाटतो. ड्रम्सना चार माइक पुरतात : किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एक, स्नेअरला (काडीने वाजवायचा कडक आवाजाचा छोटा ड्रम) एक, वर दोन. वरचे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. दोरीने मोजा. अंतर कमीजास्त झालं की स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.

कोरसला आठ जण असतील तर तीन टेक घ्या, म्हणजे तोच भाग तीनदा रेकॉर्ड करून एकावर एक ठेवा, आणि दर टेकला जागा बदलायला लावा. चोवीस जणांचा भरणा येतो.

अहिराणीचं दुखणं गिटारच्या गेनमध्ये, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या (डिस्टॉर्शनच्या) बटणात, आहे. ‘करी ऱ्हायना’मधला ‘ऱ्ह’ आधीच हलका, आणि डिस्टॉर्शनचा खरखराट नेमका व्यंजनांच्या पट्ट्यात, साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये, येऊन बसतो. प्रयोगात ठेवला होता त्याच्या निम्मा गेन करा, तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाका. मधली जागा गायकाची.

खोलीत आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगाल, त्या गायकाच्या समोर नव्हे, पाठीमागे टांगा. माइकचं तोंड तिकडे असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून गायचं तर पहाटच बरी. लाइट गेली तर इन्व्हर्टरची घरघर रेकॉर्ड होण्यापेक्षा लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

प्रश्न : ‘ब्लडी ब्लडी अँड्र्यू जॅक्सन’ या अमेरिकी रॉक संगीतिकेचा अल्बम ऐकला. हा नेत्याचा गौरव आहे की टिंगल? (धुळे)

उत्तर : टिंगलच, पण नुसत्या अल्बमवरून ती निम्मीच कळते. मायकेल फ्रीडमन यांची गीतं आणि संगीत, अ‍ॅलेक्स टिंबर्स यांची संहिता. नाटक ऑक्टोबर २०१० मध्ये ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी) आलं आणि जानेवारी २०११ च्या सुरुवातीला उतरलं. जॅक्सन अमेरिकेचे सातवे अध्यक्ष. मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावणारा १८३० चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. रंगमंचावर त्यांना रुसक्या रॉकस्टारसारखं दाखवलंय. गाण्यांतून हा तोरा जसाच्या तसा पोचतो, त्याला चिमटे काढणारे संवाद बरेचसे मागे राहतात. मूळ अमेरिकी रंगकर्मींनी तर नाटकावरच आक्षेप घेतले होते. अमळनेरच्या मंडळींनीही हे ध्यानात घ्यावं : १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी लिहून घेत, हा प्रसंग गाण्यात असेल तर त्याआधीच्या संवादाच्या दोन ओळी अल्बममध्येही ठेवा. नाहीतर कोण कोणाला काय सांगतंय ते ऐकणाऱ्याला कळणार नाही.

प्रश्न : गुरुजींच्या कविता वापरायला परवानगी लागते का? (फैजपूर)

उत्तर : नाही. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०१० अखेर मुदत संपली. पण दुसऱ्या कुणी लावलेली चाल किंवा केलेलं रेकॉर्डिंग उचलू नका, त्यांचे हक्क वेगळे. चाल स्वतःची बांधा.