पॅडखाली दबणारी गिटार आणि बारावीनंतरची वाट

प्रिय विद्यार्थिनी,

देवगडहून तू लिहिलंस: बारावी सायन्सला आहेस, घरीच गाणी करतेस, पण सिंथचा पॅड (मागे सलग भरून राहणारा लांबट स्वर) सुरू झाला की ॲकूस्टिक गिटार दबते आणि आवाज वाढवला की कर्कश होते. मिक्सिंगमध्येच, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवण्याच्या कामात, करिअर करायचं तर शिक्षण सोडून सहा महिन्यांचा कोर्स करू का, असंही विचारलंस.

आधी गिटार. दोन्ही वाद्यं एकाच सप्तकात तोच कॉर्ड धरून बसली आहेत, म्हणून एकमेकांना झाकतात. इक्यूला, म्हणजे आवाजातले ठरावीक पट्टे कमी-जास्त करण्याच्या साधनाला, नंतर हात लाव. गिटार पूर्ण कॉर्ड वाजवत असेल तर पॅडला दोनच स्वर दे, तेही एक सप्तक वर. पॅडचा अटॅक, म्हणजे स्वर पूर्ण चढायला लागणारा वेळ, 100 ते 200 मिलिसेकंद ठेव, म्हणजे तारेवरचा आघात आधी ऐकू येईल. मग गिटारला 100 हर्ट्झच्या आसपास हाय-पास लाव, म्हणजे त्याखालचा आवाज गाळला जाईल. तिची खर्जाची तार 82 हर्ट्झची असली तरी बेस असताना ते वजन बेसनंच उचलावं. पॅडमधून 250 ते 400 हर्ट्झच्या पट्ट्यात 3 डीबी आणि 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये 2 डीबी काढ. गिटारमध्ये वाढवू नकोस, कर्कशपणा तिथूनच येतोय. शेवटी मोनोत, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐक. कोरस (एकाच आवाजाच्या किंचित वेगळ्या प्रती मिसळणारा इफेक्ट) लावून रुंद केलेला पॅड मोनोत कधीकधी पार पोकळ होतो.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट बघावीच लागते. खाऱ्या हवेनं तारा लवकर गंजतात, आवाज बोथट होतो, आणि मग इक्यूनं चमक आणायच्या नादात नुसती खरखर वाढते. तारा बदल. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा फ्रेटपासून उचलल्या जातात; दाबताना स्वर चढतो. सिंथ 440 हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावर अढळ असतो, त्यामुळे दोघं एकत्र वाजताना आवाजात लाटा उठतात, आणि ते कुठल्याही इक्यूनं जात नाही. वाजवून झालं की तारा पुसून काढ, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेव, प्रत्येक टेकआधी सूर लाव.

आता करिअर. शिक्षण सोडू नकोस, हे मी ठामपणे सांगते. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेचा ध्वनीचा मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, आणि तिथे बारावीचं भौतिकशास्त्र उपयोगी पडतं. अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तपास. खासगी कोर्सची फी भरण्याआधी एकच विचार: विद्यार्थ्याला एकट्यानं मिक्स करायला आठवड्याला किती तास मिळतात? उत्तर गोलमोल आलं तर फी भरू नकोस. सुरुवातीची कमाईही बहुधा गाण्यांच्या मिक्समधून होत नाही. डबिंग, एडिटिंग आणि कार्यक्रमांचा लाइव्ह साउंड यांतून होते, तेही शिकून घे.

तोवर गावातल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मागून घे. पेटी आणि माणसांचे गळे एकाच पट्ट्यात भिडतात, तुझ्या पॅड-गिटारसारखेच. अशी तीन-चार कामं आधी-नंतरच्या आवृत्तींसह जपून ठेव. फाइल 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. रेकॉर्ड करताना आवाजाचं शिखर मीटरवर उणे 10 डीबीच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि सगळ्या ट्रॅकच्या फाइल्स एकाच बिंदूपासून सुरू होणाऱ्या बनव.