शिट्टीवाले सर

"मॅडम, पोरं मुद्दाम दुर्लक्ष करतात. शिट्टी मारून मारून थकलो मी." कर्णबधिर मुलांच्या शाळेत नुकतेच लागलेले पी.टी.चे सर सांगत होते. (नाव-गाव अर्थातच देत नाही.) शिट्टीचं बोलताना त्यांचं त्यांनाच हसू आलं, आणि पाठोपाठ डोळे भरले. "खुणांची भाषा मला धड येत नाही. माझ्यापायी पोरांचं नुकसान. सोडू का नोकरी?"

नवे शिक्षक हमखास हीच धास्ती घेऊन येतात. म्हटलं, नोकरीचं नंतर बघू, आधी तास बघू द्या.

सकाळी मैदानावर गेले. सर सूर्याकडे पाठ करून उभे. म्हणजे पोरांच्या डोळ्यांवर ऊन आणि सरांचा चेहरा अंधारात. एका काखेत चेंडू, उरलेल्या हाताने खुणा, आणि त्यातच पाय उचलून कृतीही चाललेली. ऐकू येणारं पोर सूचना कानाने घेतं, कृती डोळ्याने. इथे दोन्ही कामं डोळ्यांवरच. पायाकडे बघावं तर हात सुटतो.

एक मुलगी वृक्षासनात सारखी कोलमडत होती. सरांना वाटलं, नाटकं. पण तोल सांभाळणारा भागही आतल्या कानातच असतो. बऱ्याच कर्णबधिर मुलांना एका पायावर उभं राहणं, त्यात डोळे मिटून, फार जड जातं. तिला भिंतीजवळ घेतलं, डोळे उघडे, नजर समोरच्या खांबावर. टिकली.

बाकी बदल किरकोळच. उन्हाकडे तोंड सरांनी करायचं. चेंडू खाली. आधी खुणेने सांगायचं, थांबायचं, मग करून दाखवायचं. शिट्टीऐवजी लाल झेंडा. खो-खोत पोरांनी आधीच वाट काढली होती: 'खो'ऐवजी पाठीवर दणकून थाप. डेफलिंपिक्स, म्हणजे कर्णबधिर खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा, १९२४ पासून भरतात आणि आता तिथे धावण्याची शर्यत दिव्याच्या इशाऱ्यावर सुटते, हे ऐकल्यावर सर जरा सावरून बसले.

भाषेला मात्र वेळ लागला. मधल्या सुट्टीत सातवीतला एक पोरगा त्यांचा गुरू झाला. खुणांच्या कोशातली खूण आणि पोरांची खूण वेगळी निघाली तर मैदानावर पोरांची घ्या, एवढं मी सांगितलं.

शेवटच्या भेटीत सर पुन्हा हिरमुसलेले. "पोरं नक्कल करतात माझी. गाल फुगवून, दोन बोटं ओठांशी."

"तुमच्याबद्दल आपापसात बोलतानाही?"

"हो, तेव्हाही."

"मग ते खुणांच्या भाषेतलं तुमचं नाव आहे, सर. मागून मिळत नाही ते."

सर गप्प झाले. मग दोन बोटं ओठांशी नेऊन त्यांनी हळूच गाल फुगवून पाहिले.