तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नाहीत, मग सोडियम-पोटॅशियम पंप चालतो कशावर आणि किती वेगाने?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) नसताना तांबडी पेशी पंपाने, म्हणजे पटलातल्या आयन उपसणाऱ्या प्रथिनाने, सोडियम बाहेर कसा काढते, आणि 'तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत' हे प्रत्यक्षात कसं घडतं. पहिल्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी देतो.

तांबडी पेशी ग्लुकोजचं लॅक्टेट करते आणि त्यात एका ग्लुकोजमागे फार तर दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) हाती लागतात. लिटरभर पेशी तासाला साधारण दीड मिलिमोल ग्लुकोज वापरतात, म्हणजे जास्तीत जास्त ३ मिलिमोल एटीपी. त्यातलं सुमारे १ मिलिमोल पंपाला जातं आणि तेवढ्यात तासाला ३ मिलिमोल सोडियम बाहेर पडतो. मिळकत तुटपुंजी, पण खर्चही बेताचाच. या पेशीला ना प्रथिनं बनवायची असतात, ना विभाजन करायचं असतं.

हाच हिशेब एका पेशीवर उतरवून बघा. पेशीचं आकारमान ९० फेमटोलिटर. तासाला लिटरमागे ३ मिलिमोल म्हणजे एका पेशीतून सेकंदाला सुमारे ४५,००० सोडियम आयन बाहेर. आणि एका पेशीवर पंप किती? काहीशेच. ३०० धरले तर प्रत्येक पंप सेकंदाला दीडशे सोडियम काढतो, म्हणजे पन्नास फेऱ्या मारतो. त्याच पेशीपटलात बँड ३ या प्रथिनाच्या दहा लाखांच्या आसपास प्रती असतात. पंप मात्र चौरस मायक्रोमीटरला जेमतेम दोन. पुस्तकातल्या आकृतीत ते शेजारीशेजारी खेटून काढलेले असतात, त्यावर जाऊ नका.

आता एक फेरी. पंपाला बँकेच्या स्ट्राँगरूमसारखी दोन दारं आहेत असं समजा, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आतलं दार उघडं असताना पंपाची सोडियमवर पकड घट्ट असते, तीन सोडियम बसतात. मग एटीपीचा फॉस्फेट पंपाच्याच एका अ‍ॅस्पार्टेटवर (एका अमिनो आम्लावर) चिकटतो. याला मॅग्नेशियम लागतं, नुसत्या एटीपीने काम होत नाही. फॉस्फेट चिकटला की आतलं दार लागतं. क्षणभर दोन्ही दारं बंद, सोडियम मधे कोंडलेले. मग पंपाचा आकार पालटतो, बाहेरचं दार उघडतं आणि सोडियमवरची पकड सैल होऊन तिन्ही बाहेर पडतात. आता पकड पोटॅशियमवर असते. दोन पोटॅशियम बसले की बाहेरचं दार लागतं, फॉस्फेट सुटतो. शेवटी आणखी एक एटीपी येऊन नुसता टेकतो (इथे तो फुटत नाही, पुढच्या फेरीत फुटतो), आतलं दार उघडतं आणि पोटॅशियम आत पडतात. फॉस्फेट आला की सोडियम बाहेर, गेला की पोटॅशियम आत, एवढं लक्षात ठेवलंत तरी परीक्षेपुरतं पुरे.

तीनास दोन हे प्रमाण पोस्ट आणि जॉली यांनी १९५७ मध्ये मांडलं, आणि तेही माणसाच्या तांबड्या पेशींवरच. त्याच वर्षी येन्स स्कू यांनी खेकड्याच्या नसांतलं हे एन्झाइम दाखवलं, त्यासाठी त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

खरा मुद्दा मात्र गळतीचा आहे आणि शिकवताना नेमका तोच राहून जातो. प्लाझ्मात सोडियम लिटरमागे १४० मिलिमोल, पोटॅशियम ४-५. पेशीतल्या पाण्यात उलट, पोटॅशियम १४० च्या आसपास आणि सोडियम १० ते १५. पटलातून दोन्ही सतत झिरपतात. जेवढं झिरपतं तेवढंच पंप उपसतो, म्हणून आकडे स्थिर दिसतात. मग पंपाला 'वेग वाढव' असं सांगतं कोण? आतला सोडियमच. बाहेरचं पोटॅशियम १-२ मिलिमोल असलं तरी पंप निम्म्या वेगाला पोचतो, त्यामुळे ४-५ ला त्या बाजूने तो जवळपास भरलेला असतो. पेशीत एटीपी लिटरमागे मिलिमोलहून जास्त असतं, तेही निरोगी पेशीत कमी पडत नाही. आतला सोडियम मात्र पंप अर्धवटच भरेल एवढाच असतो. गळती वाढली, सोडियम थोडा चढला, की पंप आपोआप जोर धरतो.

बिघडतं कुठे? सर्वात नेहमीची जागा म्हणजे फ्रीज. ४ अंशाला पंप जवळपास ठप्प होतो, गळती तितकी मंदावत नाही. एटीपी शिल्लक असूनही पंप चालत नाही, कारण अडचण इंधनाची नसून तापमानाची आहे. म्हणून सेंट्रिफ्यूज न केलेलं रक्ताचं सँपल रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं तर सकाळी पोटॅशियम भरमसाट येतं आणि सीरम लालही दिसत नाही. हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) नाही म्हणून रिपोर्ट बरोबर, असं धरणारे इथेच फसतात. उन्हाळ्यात याच्या उलट. विदर्भातल्या मे महिन्यात कलेक्शन सेंटरवरून सँपल डब्यात बसून तापत आलं, तर पंप जोरात चालून आधी पोटॅशियम खोटं खोटं उतरतं. पुढे ग्लुकोज संपलं की पंप बसतो आणि तेच चढायला लागतं. उपाय एकच: गुठळी झाली की दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं करा, फ्रीज त्यानंतर. जेलची ट्यूब उशिरा दुसऱ्यांदा फिरवू नका, जेलखाली साठलेलं पोटॅशियम वर येतं. फ्लोराइड-ऑक्झलेटची ट्यूब पोटॅशियमसाठी घेऊच नये. फ्लोराइड ग्लुकोज वापरण्याची साखळीच तोडतो आणि ऑक्झलेट बहुधा पोटॅशियमचंच मीठ असतं.

रक्तपेढीतही तेच घडतं. एसएजीएम या साठवणीच्या द्रावणातल्या तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर ४२ दिवस ठेवतात. शेवटी शेवटी पिशवीतल्या द्रवात पोटॅशियम लिटरमागे ५० मिलिमोलच्या घरात जातं. आकडा भयंकर वाटतो, पण द्रवच थोडा असल्याने पिशवीमागे ते ५ ते ७ मिलिमोल भरतं. प्रौढाला संथ दिलं तर सहसा काही होत नाही, पेशी गरम रक्तात येऊन पंप सुरू करतात आणि पोटॅशियम परत ओढून घेतात. नवजात बाळाला मात्र तेच जास्त प्रमाणात आणि भरभर दिलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजनला (बाळाचं रक्त काढून दुसरं भरताना) ताजं रक्त मागतात. पिशवीला रेडिएशन दिलं असेल तर गळती आणखी वाढते.

पंप स्वतः मोजायचा असेल तर तत्त्व सोपं आहे: दोन नळ्या, एकीत लिटरमागे ०.१ मिलिमोल वाबेन (पंप बंद पाडणारं विष), दुसरीत नाही. वाबेन बाहेरच्या बाजूने पंपाला जखडतं (डिगॉक्सिन हे हृदयाचं औषधही तेच करतं). दोन्ही नळ्यांत बाहेर आलेल्या सोडियमचा फरक म्हणजे पंपाचं काम. घोटाळा धुण्यात होतो. पेशी सलाइनने धुवू नका, सुमारे ११० मिलिमोलचं थंड मॅग्नेशियम क्लोराइड वापरा, तीन-चार वेळा. कारण बघा: १० मिली मिश्रणात १ मिली पेशी असतील तर तासाभरात बाहेरचा सोडियम लिटरमागे जेमतेम ०.३ मिलिमोलने वाढतो. पेशींच्या गाळात २ टक्के सलाइन अडकून राहिलं तर तेवढाच सोडियम त्यातूनच येतो. बफी कोट (पांढऱ्या पेशींचा थर) नीट काढा, पांढऱ्या पेशींवर पंप कितीतरी जास्त असतात. माध्यमात १० मिलिमोल पोटॅशियम क्लोराइड आणि १० मिलिमोल ग्लुकोज ठेवा, तापमान ३७ अंश. वाबेन लगेच बसत नाही, आणि बाहेर पोटॅशियम जास्त असेल तर आणखी वेळ घेतं, म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं हिशेबात धरू नका. वाचन फ्लेम फोटोमीटरवर.

जाता जाता, तीनास दोन या विषमतेची एक किंमतही आहे. सिकलसेलच्या पेशीत गळती वाढते, पंप जोर करतो आणि दर फेरीला एक आयन जास्त बाहेर टाकतो. त्यामागे पाणीही जातं. पेशी सुकण्याचं मुख्य कारण पोटॅशियमच्या इतर वाटा आहेत, पण पंपही त्यात भर घालतो.

आणि हा प्रयोग पशुवैद्यकीय कॉलेजात कुत्र्याच्या रक्तावर केलात, दोन्ही नळ्यांत फरक आला नाही, तर वाबेनची बाटली फेकू नका. बहुतेक कुत्र्यांच्या तांबड्या पेशी पक्व होताना हा पंप गमावतात. त्यांच्या पेशीत सोडियमच जास्त असतो, आणि आकारमान सांभाळायला त्या सोडियम-कॅल्शियमची अदलाबदल वापरतात.