स्लॅशरमागून दगड उडतात: रबरी पट्टी लावावी की साखळ्या?

स्लॅशर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडलेलं, फिरत्या पात्याने गवत कापणारं यंत्र. त्याच्या मागच्या बाजूला साखळ्याच लावा, त्याही दोन ओळींत. रबरी पट्टी दाट गवतात वर उचलली जाते, खुंटांना अडकून फाटते. साखळी गवताला वाट देते, पण दगड आदळला की झुलून त्याचा जोर खाते. कडी 8 मिमी जाडीची घ्या. मागच्या ओळीतली साखळी पुढच्या ओळीतल्या फटीसमोर यावी, टोक जमिनीला जेमतेम न टेकणारं. वेल्डिंगपेक्षा नटबोल्ट बरे, तुटलेली एकच साखळी बदलता येते. सगळ्यात जास्त चुकतं ते अंतर: साखळी आत झुलली तरी पात्याला लागता कामा नये. दीड मीटर व्यासात फिरणारं पातं मिनिटाला 1000 फेऱ्यांना टोकाशी सेकंदाला सुमारे 78 मीटर वेगाने फिरतं, तुटलेली कडीच गोळीसारखी सुटेल. मात्र साखळीखालून सरपटत जाणारा खडा थांबत नाही, त्यामुळे यंत्र चालू असताना आसपास माणूस नकोच.